चांगल्या कानाची सरासरी

एप्रिल १९९७ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात माझी मुलगी किमया हिची श्रवणतपासणी झाली. तिच्या चांगल्या कानाची सरासरी त्र्याहत्तर डेसिबल आली. मार्च १९९८ मध्ये पेण येथे तीच तपासणी पुन्हा झाली. सरासरी चोपन्न आली. त्याच सकाळी, त्याच यंत्रावर, त्याच खुर्चीत बसलेल्या मिथुन पोपट घरत या मुलाची सरासरी एकाहत्तर आली.

या मापनात आकडा जितका मोठा, तितके ऐकू येणे कमी. किमयाला दोन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला होता आणि त्यात आतल्या कानातील पेशी गेल्या होत्या. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

मी धाटावच्या एका रसायन कंपनीत प्रयोगशाळाप्रमुख होतो. घर वरसे येथे. नमुने तपासून आकडा लिहिणे हे माझे काम. बाटलीवर केवळ क्रमांक असावा, नमुना कोणत्या शिफ्टचा हे तपासणाऱ्याला कळू नये, हा नियम तेथे मीच घालून दिला होता. आकड्यांवर माझा विश्वास होता. माणसांवर मी तो शक्यतो ठेवत नसे.

किमया रोह्याच्या शाळेत दुसरीत होती. पहिल्या बाकावर बसून ती बाईंच्या ओठांकडे पाहत असे. बाई फळ्याकडे वळल्या की तिचे शिक्षण थांबत असे. तिला मुंबईच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत, वसतिगृहात ठेवावे, असे मुख्याध्यापकांनी सुचवले. मला ते मान्य नव्हते. ऐकू न येणाऱ्या आठ मुलांमागे साध्याच शाळेत एक विशेष शिक्षक नेमावा, अशी सरकारची योजना आहे, हे मी शोधून काढले आणि संबंधित कार्यालयाला पाच महिन्यांत नऊ पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला अनुक्रमांक होता, परिशिष्ट होते, मुंबईच्या तपासणीचा आलेख होता. उत्तर एकाचेही आले नाही.

गणपतीची मूर्ती आम्ही दरवर्षी पेणजवळ जोह्याला पोपट घरत यांच्या कारखान्यातून आणत असू. १९९७ च्या सप्टेंबरात मी, पत्नी नम्रता आणि किमया असे तिघे गेलो, तेव्हा तेथे आठ वर्षांचा एक मुलगा मूर्तीच्या पितांबराला रंग लावत होता. त्याच्या छातीवर श्रवणयंत्राची डबी लटकत होती. इतकी वर्षे जात असूनही पोपटच्या मुलाला ऐकू येत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या मुलीचे त्यालाही ठाऊक नव्हते. दोन्ही घरांनी ती गोष्ट गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्ये येऊ दिली नव्हती.

"मिथुन माझा," पोपट म्हणाला. "जन्मापास्नं असाच. आता पेणच्या शाळेत त्याला मास्तर मिळायचा हाय, खास."

"कसा?" मी विचारले.

"वकील लावला ना, साहेब! सुरभी मोकल. कोर्टाच्या समोरच बसतात. आमच्याच हायेत. त्यांनी एक नोटीस धाडली नि पंधरा दिवसांत उत्तर. सरू, तो कागद आण गो."

त्याच्या पत्नीने पत्र्याच्या पेटीतून कागद आणला. ज्या कार्यालयाने माझी नऊ पत्रे गिळली होती, त्याच कार्यालयाचा तो जावक क्रमांक होता. खाली सही होती, शिक्का होता. 'मुलाचा विचार योजनेत करण्यात येईल.' मी तो कागद दोनदा वाचला. पोपट सातवीत शाळा सोडलेला माणूस होता, हे त्यानेच मला कधी तरी सांगितले होते.

परतीच्या एस.टी.त मूर्ती मांडीवर घेऊन नम्रता म्हणाली, "आपणही त्या वकीलबाईंकडे जाऊ या."

"मुलीच्या शिक्षणाला वकील कशाला? मुद्दा सरळ आहे. दहावे पत्र—"

"पोपटला उत्तर आलं, अहो. तुम्हाला आलं नाही. आता दहाव्या पत्रात तुम्ही त्यांना काय शिकवणार आहात?"

त्या रात्री मला जे वाटत होते त्याला मराठीत मत्सर म्हणतात. मी त्याला पद्धतीविषयीचा आक्षेप म्हणत होतो.

सुरभी मोकल यांचे कार्यालय म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानामागची खोली होती. वय तिशीच्या आत. वडील मिठागरावर कामाला होते, असे बोलता बोलता समजले. त्यांनी माझी नऊही पत्रे शेवटपर्यंत वाचली. तसे करणाऱ्या त्या पहिल्याच.

"फार व्यवस्थित आहेत," त्या म्हणाल्या. "मागितलंय काय यांत?"

"सर्व तपशील दिला आहे."

"तपशील आहे हो. मागणी नाही, आणि कायदा नाही. अपंगांसाठीचा कायदा गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून लागू झालाय. पंच्याण्णवचा. त्यात अशा मुलांना शिक्षण द्यायला सरकार बांधील आहे. तुम्ही 'विचार व्हावा' असं लिहिता. विचार करतायत ते. त्याला मुदत नसते."

"पोपट घरतनी काय लिहून दिले होते?"

"पोपटदादा? ते म्हणाले, माझ्या पोराला मास्तर पाहिजे. मला तेवढं पुरलं."

मी वकीलपत्रावर सही केली. त्यांच्या 'पोपटदादा' म्हणण्यात जो सहजपणा होता, तो 'टिपणीस साहेब' म्हणण्यात नव्हता, हेही मी टिपून ठेवले. मोकल आणि घरत, एकाच समाजाची आडनावे. 'आमच्याच हायेत.'

त्यांनी काम मात्र चोख केले. पेण आणि रोहा भागातील आठ मुले शोधून एकत्र मागणी केली, त्यांत आठवी किमया. जानेवारीत आदेश आला: जून १९९८ पासून पेणच्या एका शाळेत आठ मुलांचा वर्ग आणि एक विशेष शिक्षिका. आम्ही पेणला भाड्याने खोली पाहिली. आठवडाभर नम्रता आणि किमया तेथे राहणार, मी सुटीला जाणार. अट एकच होती. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चांगल्या कानाची सरासरी साठ डेसिबल किंवा अधिक असल्याचे जिल्ह्यातील तपासणीचे प्रमाणपत्र हवे. मुंबईचा कागद चालणार नव्हता. यादी तीस मे रोजी बंद होणार होती. ज्याचे प्रमाणपत्र नसेल त्याची जागा प्रतीक्षेतील मुलाला जाणार होती.

तपासणीचे शिबिर मार्चमध्ये पेणला झाले. लांबट खोली, मध्ये मुलाची खुर्ची. खुर्चीच्या पाठीमागे टेबलावर ऑडिओमीटर, म्हणजे ठरावीक स्वर ठरावीक तीव्रतेने कानात सोडणारे यंत्र. निकेश नावाचा तंत्रज्ञ ते चालवत होता. पद्धत सोपी होती. मुलाच्या कानांवर हेडफोन, हातात मणी, पुढे वाटी. स्वर ऐकू आला की मणी वाटीत टाकायचा. तंत्रज्ञाचा हात मुलाला दिसू नये म्हणून यंत्र मागे. समोर खिडकीखाली एक बाक होता.

आधी मिथुनची पाळी होती. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. सरू होती, पोपट नव्हता. मुलाला आत सोडून तो जो गेला तो वीस मिनिटांनी परतला. कोठे गेला होता ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मिथुन हसत बाहेर आला आणि त्याने आईला दोन्ही हातांची बोटे दाखवून इतके मणी टाकले, इतके, अशी खूण केली. सरूने त्याच्या गालावरून हात फिरवला. किमया ते पाहत होती. मीही पाहत होतो. पोपटच्या मुलाने काही तरी चांगले करून दाखवले आहे आणि आता माझ्या मुलीने त्याहून चांगले करायला हवे, असे मला वाटले. ज्या परीक्षेत कमी ऐकू येणे हीच पात्रता होती, तेथे हे वाटणे हास्यास्पद होते. पण वाटले, हे खरे.

"पालक बाहेर बसले तरी चालेल," निकेश म्हणाला.

"मी शास्त्राचा माणूस आहे," मी म्हणालो. "मध्ये बोलणार नाही." आणि समोरच्या बाकावर बसलो. हात मांडीवर ठेवले. संपूर्ण तपासणीत मी एक शब्दही उच्चारला नाही, बोटही हलवले नाही.

किमयाचे मणी वाटीत पडत राहिले. शेवटी हेडफोन काढताना निकेश म्हणाला, "बरं ऐकते हो तुमची मुलगी." मला आनंद झाला. बाकापासून दारापर्यंत जाण्यास लागतो तेवढा वेळ तो टिकला.

आठ दिवसांनी प्रमाणपत्रे आली. मिथुन एकाहत्तर, पात्र. किमया चोपन्न, अपात्र.

मी कारण शोधू लागलो आणि ते मला एका संध्याकाळीच सापडले. त्र्याहत्तर आणि एकाहत्तर हे आकडे जवळजवळ सारखे होते. मिथुनच्या नावापुढे किमयाचा आकडा होता आणि किमयाच्या नावापुढे मिथुनचा. कागदांची अदलाबदल झाली, एवढे गृहीत धरले की सर्व काही जुळत होते. अदलाबदल चुकून झाली की करवून घेतली, एवढाच प्रश्न उरला. पोपट वीस मिनिटे गायब होता. निकेशच्या कपाटावर मी एक वीतभर उंचीची गणपतीची मूर्ती पाहिली होती. पेणमध्ये ज्या कपाटावर गणपती नाही असे कपाट सापडणे कठीण, हे मला माहीत होते. तरीही मी मूर्ती पुराव्यात धरली. निकेशचे 'बरं ऐकते' हे वाक्य मात्र धरले नाही. ते माझ्या अनुमानात बसत नव्हते.

एप्रिलच्या एका रविवारी मी एकटाच जोह्याला गेलो. निमित्त पुढच्या मूर्तीची मागणी नोंदवण्याचे. कारखान्यात फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती मांडलेल्या होत्या. टोकाच्या फळीवर पाय सोडून मिथुन बसला होता, पाठ माझ्याकडे करून. पोपट आत होता. मी रंगाच्या डब्याचे झाकण उचलले आणि त्याच्या मागे चार हातांवर खाली सोडले. मिथुनने वळून पाहिले.

पोपट हात पुसत बाहेर आला. "काय पडलं?"

"झाकण. मिथुनला ऐकू आलं की!"

"फळीवर पडलं ना, साहेब. त्याला बुडाखालनं कळतं. त्याचा आजा चालत आला तरी वळतो."

मला ते स्पष्टीकरण तयार ठेवल्यासारखे वाटले. मी बसलो, चहा घेतला आणि सरळ विचारले, "त्या दिवशी तपासणी चालू असताना तुम्ही कुठे गेला होता?"

"मी? मागं चिंचेखाली."

"वीस मिनिटं?"

"आता किती ते मोजलं नाय बा." तो हसला. "आमच्यात डोळ्यांची आखणी चाललेली असली ना, की आखणाऱ्याच्या समोर कोन बसत नाय. बाप आला तरी मागं बसायचं नायतर भायेर जायचं. समोर तोंड दिसलं की हात हलतो. एक डोळा वर, एक खाली. मग ती मूर्ती नेतो कोन? तो तपासणारा बारीक काम करत व्हता. मी म्हटलं, आपन निघावं."

"मुलाची तपासणी होती. आखणी नव्हती."

"बारीक काम ते बारीकच की, साहेब." तो थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या पोरीचं कळलं. सरूला लय वाईट वाटलं. वकीलबाई करतील काय तरी."

करुणा दाखवणारा माणूस जिंकलेला असतो. मला त्याचे सर्व काही सलत होते: त्याचा कागद, त्याचा शिक्का, त्याच्या मुलाचे ते हसू, 'वकीलबाई करतील' म्हणतानाचा भरवसा. माझ्या मुलीचा आकडा त्याच्या मुलाच्या नावावर आहे आणि तो मलाच धीर देतो आहे, असे मनात म्हणत मी एस.टी. पकडली.

दुसऱ्या दिवशी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. या पत्रात मागणी होती. मिथुन पोपट घरत याला ऐकू येते, त्याचे प्रमाणपत्र खोटे असून तपासणीच्या वेळी त्याचा पिता संशयास्पदरीत्या अनुपस्थित होता, दोन्ही मुलांची फेरतपासणी व्हावी आणि मिथुनच्या तपासणीस तक्रारदार म्हणून मी समक्ष हजर असावे. खाली सही केली. निनावी पत्रे मला आवडत नाहीत.

चार दिवसांनी सुरभी मोकल यांनी बोलावून घेतले. टेबलावर माझ्या पत्राची प्रत होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"माझ्या एका पक्षकाराविरुद्ध तक्रार, माझ्याच दुसऱ्या पक्षकाराने. मला न विचारता." त्यांचा आवाज चढला नाही. "पुरावा काय?"

मी सांगितले. वीस मिनिटे, झाकण, मूर्ती.

"मूर्ती?" त्यांनी मागच्या शेल्फकडे हात केला. तेथे गणपती होता. "हा हमरापूरच्या कारखान्यातला आहे, पोपटदादांचा नाही. मलाही कोणी विकत घेतलं असेल, बघा."

"तुम्ही त्यांच्या आहात. ते तसे म्हणतात."

त्यांनी पत्राची प्रत दुमडून बाजूला ठेवली. "टिपणीस साहेब, खरं तर तुमचं वकीलपत्र मी आत्ताच्या आत्ता परत द्यायला हवं. पण ते तुम्ही मुलीच्या वतीने दिलंय. माझी पक्षकार किमया आहे. तुम्ही फक्त तिच्याबरोबर येणारे आहात. फेरतपासणी मला तिच्यासाठी हवीच होती, ती मी मागणारच होते. तुम्ही फक्त त्या पोराला त्यात ओढलंत. त्याचा आकडा खाली आला तर त्याची जागा जाईल. तिचा वर गेला नाही तर तिची जाईल. दोघांचं काही तरी होऊन बसलं तर दोन्ही जागा प्रतीक्षेतल्या मुलांना जातील. कळतंय ना?"

"मला सत्य हवे आहे."

"मिळेल," त्या म्हणाल्या. "अठरा मेला, दहा वाजता."

अठरा मे रोजी खोली तीच होती, यंत्र तेच होते. निकेशऐवजी अलिबागहून आलेल्या एक ज्येष्ठ तज्ज्ञ बाई होत्या. पोपटला माझे पत्र दाखवण्यात आले होते. त्याने मला नमस्कार केला नाही. सरूने केला, आणि नंतर तोंड फिरवले. नम्रता किमयाला घेऊन व्हरांड्यात बसली. ती एवढेच म्हणाली, "त्या बाईच्या शेजारी मी कुठल्या तोंडानं बसू?" आणि तिच्या शेजारीच जाऊन बसली.

आधी मिथुन. पोपट आपणहून बाहेर गेला. सुरभी मोकल दारापाशी उभ्या राहिल्या. मी तक्रारदार म्हणून समोरच्या बाकावर बसलो. बाईंनी मला बजावले, "बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत." मी हात छातीशी घट्ट बांधून घेतले.

मला येथून यंत्राची तबकडी दिसत होती, बाईंचा अंगठा दिसत होता. ऐंशीला मणी पडला. सत्तरला पडला. साठला बटण दाबले गेले आणि मणी पडला. पन्नासला पडला. पंचेचाळीसला पडला. मिथुन माझ्याकडे टक लावून पाहत होता. प्रत्येक मण्याबरोबर माझे अनुमान सिद्ध होत होते आणि मी, हे लिहायला हवे, सुखात होतो. चाळीसच्या खाली मणी थांबले.

बाईंनी बेरीज केली, पुन्हा केली. "एक्केचाळीस," त्या म्हणाल्या. "हे कसं?"

मी सुरभी मोकल यांच्याकडे पाहिले. दारातून पोपट आत आला होता. आता तो काय सांगतो ते मला ऐकायचे होते.

"एक्केचाळीस म्हंजे?" त्याने बाईंना विचारले. "कमी ना? कमी म्हंजे चांगलं ना?"

"हो. म्हणजे बऱ्यापैकी ऐकू येतं."

पोपटचे डोळे भरले. जागा जाणार हे त्याच्या गावीही नव्हते. "ऐकतंय?" तो म्हणाला. "माझं पोर ऐकतंय?" तो सरूला हाक मारू लागला. "सरू, ये गो, अगो ये, ऐकतंय तो!" मी त्याला खोटा ठरवले होते आणि तो आनंदाने रडत होता. त्या क्षणी मला त्या आनंदाचाही हेवा वाटला. माझ्या मुलीविषयी असे वाक्य मला कोणी कधी सांगितले नव्हते.

मग त्याने ते केले जे माझ्या पत्रात, आलेखात, अनुमानात कोठेच नव्हते. तो मुलाच्या खुर्चीमागे गेला, हेडफोन काढले आणि हाक मारली.

"मिथुन."

मुलगा वाटीतले मणी मोजत होता.

"मिथुन! ए बाला!"

मिथुनने एक मणी उचलून उजेडात धरला. सरू दारातच थांबली. पोपटने तिसरी हाक मारली नाही.

तज्ज्ञ बाई उठल्या आणि मुलासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी मणी दाखवला, वाटी दाखवली, हाताने विचारले: केव्हा टाकायचा हे तुला कसे कळत होते?

मिथुनने लगेच माझ्याकडे बोट केले. मग त्याने हात छातीशी बांधले, अंग ताठ केले, मान पुढे काढली आणि दोन्ही भुवया कपाळावर चढवून डोळे मोठे केले. ते इतके हुबेहूब होते की दारातून सरूच्या तोंडून "अगो माय!" निघून गेले आणि तिने पदर तोंडावर धरला. मुलाने भुवया खाली आणल्या, वाट पाहिली, पुन्हा चढवल्या आणि मणी टाकला.

"मार्चमध्ये तुम्ही मुलीच्या वेळी कुठे बसला होता?" बाईंनी मला विचारले.

"येथेच."

"आणि मुंबईला?"

"बंद खोलीच्या बाहेर बसवले होते."

"बाहेर जा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर गेलो. बाईंनी बाक भिंतीकडे वळवला, दार लावून घेतले आणि दोन्ही मुलांची तपासणी पुन्हा केली. मागे चिंचेचे एक झाड खरोखरच होते. पोपट तेथे उभा होता. माझ्याशी बोलण्याचे त्याला कारण नव्हते. तरी काही वेळाने, माझ्याकडे न पाहता, तो बोलला.

"मिनिटभर तरी ऐकत व्हतं पोर."

मी क्षमा मागितली. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला ठरवता आले नाही.

सुरभी मोकल निकाल घेऊन आल्या. मिथुन सत्तर. किमया बहात्तर. दोघेही पात्र. तीस मेपूर्वी कागद जातील, वर्ग आठांचाच होईल. "तक्रार आज मागे घ्यायची," त्या मला म्हणाल्या. "लेखी. मजकूर मी सांगेन."

त्यांनी सांगितला, मी लिहिला. त्यात कारणही नमूद करावे असा आग्रह मी धरला, आणि ते असे नमूद केले. यंत्रात दोष नव्हता. कागदांची अदलाबदल झाली नव्हती. निकेश, पोपट घरत किंवा अन्य कोणी काहीही गैर केले नव्हते. बाकावरून मला तबकडी आणि बटण दिसत होते आणि खुर्चीतील मुलाला मी दिसत होतो. स्वर सोडला गेला आणि त्या तीव्रतेला मुलाला ऐकू येईल असे मला वाटत असले, की माझ्या भुवया वर जात. ज्यांना ऐकू येत नाही ती मुले दिवसभर चेहरेच वाचत असतात. त्यांनी माझा वाचला आणि मणी टाकला. ज्या तीव्रतेच्या खाली मला अपेक्षा नव्हती, तेथे माझा चेहरा स्थिर राहिला आणि मणी पडले नाहीत. किमया मिथुनपेक्षा सरस ठरावी अशी माझी इच्छा होती, म्हणून तिची सरासरी चोपन्न आली. मिथुन लबाड ठरावा अशी इच्छा होती, म्हणून त्याची एक्केचाळीस आली. खोली, यंत्र आणि चेहरा मार्चच्या दोन्ही आणि आजच्या पहिल्या, अशा तीनही तपासण्यांत तेच होते, असे मी आधी लिहिले होते. ते खोडून दुरुस्त केले. मार्चमध्ये मिथुनच्या तपासणीच्या वेळी बाक रिकामा होता, आणि म्हणूनच त्या दिवसाचा तेवढा एक आकडा बरोबर होता.